हेडक्लार्क ‘येतो’ म्हणाले

“आपल्याकडे यापुढे एकही मेल हरवणार नाही,” असं कॉम्प्युटर सांभाळायला नवीन लागलेल्या तिने संचालकांना छातीठोकपणे सांगितलं, आणि ते खरंही होतं. प्रयोगशाळेच्या नव्या मेल सर्व्हरला तिने एकच नियम शिकवला होता: पत्ता ओळखीचा नसेल, तर मेल तळघरातल्या जुन्या सर्व्हरकडे पाठव. तिच्या प्रोबेशनचा आज शेवटचा दिवस. कायम नेमणुकीचं पत्र संध्याकाळी निघायचं होतं.

दुपारी टायपिस्टबाईंनी ‘सर्वांना’ या पत्त्यावर सूचना टाकली: ‘दिवंगत हेडक्लार्क यांच्या शोकसभेला चार वाजता सर्वांनी यावे.’

मिनिटभरात उत्तर आलं. खुद्द हेडक्लार्कांकडून.

‘येतो.’



“जिवंतपणी एका मीटिंगला फिरकले नाहीत,” स्टोअरकीपर पुटपुटले.

“काका, गप्प बसा हो.” टायपिस्टबाईंनी हेडक्लार्कांच्या खुर्चीवरची आपली पर्स अलगद उचलून घेतली.

तोवर दुसरं आलं. ‘येतो.’ मग तिसरं. साडेतीनपर्यंत तीनशे.

तिने शोधाशोध केली, आणि मेख सापडली. नव्या सर्व्हरवरून हेडक्लार्कांचं खातं तिनेच काढलं होतं. जुन्यावर ते शाबूत होतं, आणि शेवटच्या रजेवर निघताना त्यांनी लावलेलं, आपोआप जाणारं उत्तरही. निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? ते उत्तर ‘सर्वांना’ जाई, त्या यादीत हेडक्लार्क स्वतःही होते, म्हणून ते स्वतःलाच पुन्हा ‘येतो’ कळवत.

संचालकांचा फोन आला. “चारला हेडक्लार्कांच्या घरून वहिनी येतायत. त्याआधी हे थांबलं, तर तुमचं पत्र निघेल. नाहीतर विसरा.”

तळघरात जुन्या सर्व्हरचा हिरवा दिवा दर ‘येतो’ला डोळा मिचकावत होता. तिने केबल उपटली. वर येऊन नियम बदलला: अनोळखी पत्ता दारातूनच परत, खाली तिने लिहिलेली एक ओळ. मग हेडक्लार्कांना एक मेल टाकून पाहिला.

‘या नावाची व्यक्ती या कार्यालयात नाही.’

शोकसभा नीट पार पडली. दार वाजलं की सगळे वळून बघत, एवढंच.

सहा वाजता संचालक तिच्या टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक. तिचा पत्ता लिहिताना ते कायम एक अक्षर चुकवत, आणि जुना सर्व्हर सांभाळणाऱ्या हेडक्लार्कांनी ते चुकीचे मेलही निमूट तिच्याकडे पोचायची सोय करून ठेवली होती, हे तिला संचालकांच्या फोनवरचा पत्ता पाहून आत्ता कळलं. नेमणुकीचं पत्र परत आलं होतं, खाली तिनेच लिहिलेल्या ओळीसकट.

संचालकांनी तिला पायांपासून वर न्याहाळलं.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही तरी आहात ना?”