भोंगा, म्हशी आणि जावईबापूंचा एडिटर

"एकदा पेटी बसवली की पुन्हा हात लावाचं काम नाई!" प्रफुलनं सासरवाडीत छाती ठोकून सांगितलं होतं. चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा गडी. गडचिरोलीपासून एस.टी.नं तासाभरावरच्या सासरच्या गावी, मासेमार सोसायटीच्या तलावावर त्यानं डब्याएवढा लिनक्सवाला कॉम्प्युटर, म्हणजे ही पेटी, बसवला. पाणी सांडव्याला टेकलं की भोंगा वाजणार, लोक जाळी लावणार आणि माशांची पिल्लं वाहून जायची वाचणार. सोसायटीचे अध्यक्ष खुद्द सासरे, बापूजी. म्हणजे इज्जत दोन घरांची!

आता गंमत ऐका. सांडवा नव्वद इंचावर, आणि या शहाण्यानं घरी बसल्या बसल्या भोंग्याचा आकडा टाकला सत्तर! तलाव तर तेव्हाच एकोणसत्तरवर होता. सकाळी दहाला म्हशी पाण्यात उतरल्या, लाट उठली आणि भोंगा बोंबलला. अख्खं गाव जाळी घेऊन धावलं. बघतात तर म्हशी निवांत डुंबताहेत! दुपारी पुन्हा तेच. शकुबाई चूल तशीच सोडून पळाली, तिचा भात करपला.

पण जावयाला तोंडावर बोलायचं कसं? प्रफुल समोर बसलेला असताना बापूजी लेकीला म्हणाले, "रुपाली, जवाईबापूले सांग, शुक्रवारी मीटिंग हाय. तवापर्यंत भोंगा सुधरला नाई, तर लोकं पेटी तलावात फेकून देनार हायेत."

"चुटकीसरशी करतो!" प्रफुल म्हणाला.

आकडा होता पेटीतल्या एका फाइलीत; तो बदलायला एडिटर, म्हणजे फाइलीत खाडाखोड करायचा प्रोग्राम हवा, आणि त्या टीचभर पेटीत एडिटरच नव्हता. मग तो आपल्या लॅपटॉपवर पेटीसाठी एडिटर तयार करायला बसला. म्हणजे आपल्या घरी बसून दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवायचा! पहिला चुकून लॅपटॉपच्याच मापाचा झाला. पेटीनं तो घालायलाच नकार दिला. दुसरा मापात बसला, पण त्याला लागणाऱ्या चार फायली पेटीत नव्हत्या. तिसऱ्यात त्या सगळ्या कोंबल्या, तर तो पेटीत मावेना! मध्येच वीज जाई, म्हशी उतरत, भोंगा वाजे, गाव धावे.

"जेवता का?" रुपालीनं विचारलं.

"जेवन काय घेऊन बसली! इथी माही इज्जत चालली!"

शुक्रवारी, मीटिंगला तासभर असताना, तलावाच्या पाळीवर वायर जोडून त्यानं काटछाट केलेला चौथा एडिटर पेटीत पाठवला. उघडला की हो! सत्तर खोडून नव्वद लिहिलं. म्हशी उतरल्या. भोंगा गप! प्रफुलला एवढा आनंद झाला की त्यानं म्हशींनाच हात जोडले.

"एक इचारू?" रुपाली म्हणाली. "हा एडिटर लॅपटॉपवरून याच वायरीनं पाठवला न तुमी?"

"मग!"

"मंग ती आकड्याची फाइलच लॅपटॉपवर दुरुस्त करून याच वायरीनं पाठवली असती, तर नसतं जमलं का?"

प्रफुलनं घाईघाईनं वायर गुंडाळायला घेतली. मग हळूच म्हणाला, "बापूजीले नोको सांगू."

तिनं नाही सांगितलं, बिचारीनं. मीटिंगमध्ये पेटी ठेवायचं एकमतानं ठरलं. बापूजी अभिमानानं उभे राहिले.

"आमच्या जवाईबापूनं सत्तरचे नव्वद केले. एक आकडा! अन् त्याले तीन दिवस लागले, तीन! हाय दुसऱ्या कोनाची हिंमत?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! प्रफुल मान खाली घालून सतरंजीचे धागे उपटत होता, आणि बायकांत बसलेल्या रुपालीनं तोंडात पदर कोंबला होता.