बांध कोरणारा बंडातात्या

आमच्या शाहूवाडीकडं शेजाऱ्याचा बांध कोरणारी माणसं पोत्यानं सापडतील. पण सगळी चोरून कोरणारी. बंडातात्या एकटाच असा, की आदल्या दिवशी पारावर बसून जाहीर करायचा, "उद्या सकाळी बांध कोरणार हाय मी. मागनं सांगितलं न्हाय म्हणशीला."

हा बांध त्याच्या आणि सदाअण्णाच्या रानातला. सदाअण्णा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आईच्या माघारी वाटणी झाली, तेव्हा एका फणसाच्या झाडावरनं शब्दाला शब्द लागला आणि दोघांचं बोलणं तुटलं. लग्नाकार्यातसुद्धा एकमेकांकडं पाठ करून जेवायला बसायचे.

पाडवा झाला की आमच्याकडं कामांची घाई उडते. शेणखत रानात ओढायचं, पालापाचोळा पसरून तरवा भाजायचा, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजून घ्यायची. सगळीकडं धूर, आणि त्या धुरात तात्याची कुदळ सुरू व्हायची. सदाअण्णा तरातरा धावत यायचा. मग काय विचारता. एकमेकांचा सगळा उद्धार व्हायचा. फक्त दोघांची आई एकच असल्यामुळं आईवरनं शिवी देता येत नसे, एवढीच काय ती अडचण. माझं रान खालच्या अंगाला, म्हणून पंच म्हणून मला ओढायचे आणि माझा तरवा अर्धाच भाजून राहायचा. वैताग नुसता.

गंमत पुढंच. भांडून अण्णा घरी गेला, की हाच बाबा कोरलेली माती ओढून बांध होता तसा घालायचा, वर पायानं चोपायचा. मी एकदा चिडून विचारलं, परत घालायचाच तर कोरता कशाला? तर म्हणाला, "रान माझं, कुदळ माझी. तुला रं काय करायचंय?" बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही, घरात बोलायला म्हैस तेवढी. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

यंदा शिमग्याच्या आधी सदाअण्णाला अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, वाचा गेली. आणि पाडवा होताच तात्यानं कुदळ उचलली. मला असा संताप आला, तोंडावर म्हणालो, अंथरुणातल्या माणसाचा बांध कोरता, लाज कशी वाटत नाही? तो हातभर कोरून बांधावर बसून राहिला, अण्णाच्या वाटेकडं बघत. उन्हं डोक्यावर आली तसा उठला, कुदळ खांद्यावर टाकली आणि थेट भावाच्या घराकडं निघाला. आता काय करतो म्हणून मीही मागं पळालो.

वाटणीनंतर तो उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. अण्णाची बायको पारूकाकी कुदळ बघून दारात आडवी झाली. त्यानं कुदळ तिच्या पायाशी ठेवली आणि खाटेशी गेला.

"सदा, हातभर कोरलाय बांध. ऊठ की. भांडायला कोण न्हाय रं मला."

अण्णाचे ओठ थरथरले, मान हलली, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा घशातनं आवाज फुटला. शब्द लागला नाही, पण ती शिवीच होती. एवढी वर्षं पंच होतो, मला कळतं. पारूकाकी भिंतीला धरून खाली बसली.

तात्यानं पटक्याच्या टोकानं भावाचं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे. म्हणाला, "आता उद्या आणिक हातभर कोरतो."