प्रवचन रंगेपर्यंत

"काळं पडायला लागलंय गं," ओविड म्हणाला.

"गायला लागले का ते?" झेनोबियाने खुर्चीतूनच विचारलं.

"अजून नाही."

"मग झालेलं नाही. हलवत राहा."

ओविड नार्सिस मुकाट्याने हलवू लागला. लुइझियानाच्या त्या खाडीकाठच्या गावात आज चर्चचं वार्षिक जेवण होतं. झेनोबियाच्या आजीच्या काळापासून तिथला खेकडा-कोळंबीचा गंबो, म्हणजे भाजलेल्या पिठाचं दाट कालवण, या घरच्या बिडाच्या पातेल्यातूनच जाई. पण बायकोचं, झेनोबियाचं, मनगट मोडलं होतं आणि डाव आला होता ओविडच्या हाती. समोरच्या घरातल्या लर्लिनबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एकदा का तुमचं पातेलं आलं नाही, की पुढच्या वर्षीपासून माझं."

घरात घड्याळ होतं, पण गंबोचं पीठ भाजलं जाई ते रेडिओवरच्या प्रवचनावर. चर्चमध्ये पाळक उभे राहिले की तेलात पीठ पडायचं. वचन समजावून सांगेपर्यंत ते बदामी होई, बोलता बोलता पाळक गाऊ लागले की तपकिरी, आणि सारी मंडळी उठून "आमेन" गर्जली की चॉकलेटी. मग आच बंद. असं कधी चुकलं नव्हतं. पण रेव्हरंड फाँतेनोंचा घसा बसला होता आणि आज बोनिफेस नावाचे तरुण पाहुणे पाळक बोलत होते. त्यांचा पूर्वरंग काही संपत नव्हता. प्रवचनातला पेत्र, येशूचा कोळी शिष्य, मघापासून होडीत बसून होता. जाळं टाकायचं नाव नाही.

"अगं, धूर येतोय!"

"श्रद्धा ठेवा जरा!"

श्रद्धा ठेवली. पीठ कोळसा झालं.

ओविडने ते ओतून दिलं, पातेलं जाड मिठाने घासलं (साबण लावला असता तर आजी थडग्यातून उठून आली असती) आणि घरात उरलेलं सगळं पीठ ताज्या तेलात घातलं. नेमकी तेव्हाच बोनिफेसांच्या पेत्राने जाळं टाकलं. काय आवाज लागला त्यांचा! शब्द ओढत, मध्येच श्वास थांबवत, उतरत, पुन्हा उसळत ते असे गाऊ लागले की रेडिओचं लाकूडही थरथरलं. ओविड चर्चचा डीकन, पहिल्या बाकावरचा माणूस. असं गाणं कानी पडलं की हात आपोआप वर जायची आयुष्याची सवय. आताही तो वर गेला. डावासकट.

डावातलं गरम पीठ झेनोबियाच्या प्लास्टरवर पडलं. मघाच्या आचेने तापलेलं बीड कुणाची वाट बघत नाही. उरलेलं पीठ तळाशीच जळलं.

"पीठ हलवताना हात वर?" झेनोबिया ओरडली.

"वरून बोलावणं आलं गं!"

"आणि खालून धूर आला!"

मग पातेल्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "आजीनं हे डोक्यावर घेऊन पूर ओलांडला होता. आणि मी ते माझ्याच स्वयंपाकघरात बुडवलं."

ओविडने रिकामं भांडं उचललं. लर्लिनबाईंकडे पीठ मागण्यापेक्षा खाडीतली मगर परवडली, असं मनात म्हणत तो रस्त्यावर आला. रस्त्याच्या मधोमध लर्लिनबाई उभ्या होत्या. हातात रिकामं भांडं, मागे त्यांच्या खिडकीतून काळा धूर.

"ओविडभाऊ, थोडं पीठ…"

"तेच मागायला निघालो होतो, बाई."

दोघांनी एकमेकांची भांडी पाहिली आणि माना खाली घातल्या.

शेवटी घासलेलं पातेलं, कच्चे खेकडे, सोललेली कोळंबी आणि चिरलेली भेंडी घेऊन तिघंही चर्चच्या सभागृहात पोचली. मंडळी ताटं घेऊन बसलेली. बोनिफेस स्वतः पुढे आले, झाकण उचललं आणि रिकाम्या पातेल्यात बघत राहिले.

"गंबो?"

"तुमच्या प्रवचनात जळला, पाळकसाहेब," झेनोबिया म्हणाली. "दोन्ही घरचा. किती उशिरा गायलात!"

बोनिफेसांचा चेहरा पडला. "अहो, मी मुद्दाम थांबलो होतो! रेव्हरंड फाँतेनोंनी कानात सांगितलं होतं, इथल्या बायकांचं पीठ तुझ्या गळ्यावर भाजतं, घाई केलीस तर कच्चं राहील. म्हणून पेत्राला होडीत धरून ठेवलं. मला स्वतःलाच गावंसं वाटून जीव कासावीस झाला होता."

सभागृहाच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचं पीठ होतं, ते लर्लिनबाईंनी आणून ओट्यावर ठेवलं. झेनोबियाने पातेलं चुलीवर चढवायला लावलं, तेल ओतवलं आणि बोनिफेसांना चुलीशेजारी उभं केलं.

"आता पिठाकडं बघून गायचं. बदामी झालं की जाळं टाका. चॉकलेटी झालं की मासे काढा. त्याआधी पेत्रानं हलायचं नाही."

बोनिफेस पातेल्यात डोळे लावून गाऊ लागले. पिठाचा रंग चढला, तसा आवाज चढला. ताटं बाजूला ठेवून मंडळी उभी राहिली. ओविडचे डोळे मिटले, डावाचा हात हळूहळू वर निघाला…

त्यावर प्लास्टरचा हात धपकन पडला.

"डीकनसाहेब," झेनोबिया म्हणाली, "आमेन तोंडानं म्हणा."