भूगोलाच्या बाई आणि डावा दिवा

गाडीचा बल्ब आपण स्वतः बदलणार, आणि समोरचा चहा निवायच्या आत बदलणार, असं भूगोलाच्या बाईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं.

त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना एवढं कळलं होतं, की समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण उलट बोलण्यात अर्थ नसतो. तरीही त्यांनी जपून सुचवून पाहिलं, की गॅरेजला आज सुट्टी आहे तर परवान्याची परीक्षा पुढे ढकलू या. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. याच नजरेपुढे आजवर शेकडो मुलांनी मुकाट्याने नकाशे भरले होते. डॉक्टर मुकाट्याने चप्पल शोधायला गेले.

गोष्ट साधी होती. सोमवारपासून बाई गावाबाहेरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होत्या. त्या शाळेकडे बस जात नव्हती. गाडी होती, पण परवाना नव्हता. दोनदा परीक्षा देऊन बाई दोन्ही वेळा नापास झाल्या होत्या, आणि ही बातमी आत्ताच्या शाळेत पोचल्यापासून मागच्या बाकांवरची मुलं त्यांच्याकडे फार सहानुभूतीने बघत होती. ती सहानुभूती बाईंना झोंबत होती. आज तिसरी परीक्षा, दुपारी. आणि नेमका कालपासून डावा इंडिकेटर घाबरल्यासारखा भराभर टकटकायला लागला होता. पुढचा एक बल्ब गेला की तो असाच टकटकतो, हे बाईंनी गाडीबरोबरच्या पुस्तकात वाचलं होतं. नवा बल्बही त्यांनी आणून ठेवला होता. एकच, कारण गेलेलाही एकच होता.

बाईंनी पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. डॉक्टरांना त्यांनी स्टिअरिंगपाशी बसवलं आणि डावा इंडिकेटर लावायला सांगितला. डॉक्टरांनी लावला. बाईंनी आपल्या डाव्या हाताच्या दिव्याकडे पाहिलं. मिणमिण नाही की काही नाही. मेलेला बल्ब हाच, यात शंका नव्हती.

त्यांनी दिव्यामागे हात घातला, होल्डर फिरवून बाहेर काढला, बल्ब दाबून वळवला आणि सोडवला. एखाद्या सर्जनलाही हेवा वाटावा इतकं सफाईदार काम झालं. जुना बल्ब त्यांनी तोऱ्यात मागे भिरकावला. तो पत्र्याच्या बादलीत पडून फुटला. बाईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. नवा बल्ब बसवून त्यांनी पुन्हा हुकूम सोडला, की डावा लावा.

दिवा लागला नाही.

पुन्हा लावा म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा लावला. बाईंनी दुकानदाराचा उद्धार केला, बल्ब बनवणाऱ्याचा केला, आणि शेवटी डॉक्टर इंडिकेटरचा दांडा नीट दाबत नाहीत असा निकाल दिला. डॉक्टर बिचारे दांडा वरखाली करून बघू लागले, आणि एकाएकी बाईंच्या समोरचा दिवा झकास उघडमीट करायला लागला.

"लागला!" बाई म्हणाल्या. "बघा, दाबत नव्हता तुम्ही."

काचेतून डॉक्टरांचा चेहरा दिसला. एखाद्या पेशंटला वाईट बातमी द्यायची असली की तो असा मऊ व्हायचा.

"अगं," ते म्हणाले, "मी आत्ता उजवा लावलाय."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच वळून गाडीकडे पाठ केली, आपला डावा हात पाहिला, पुन्हा गाडीकडे तोंड केलं आणि पुन्हा तोच हात पाहिला. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर दिशा शिकवल्या होत्या. गाडीला तोंड असतं, आणि ते आपल्याकडे असलं की तिची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, एवढंसं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. चांगला बल्ब काढून त्यांनी फोडला होता आणि मेलेला तसाच आपल्या जागी सुखात बसला होता.

डॉक्टर हसले नाहीत. एवढ्याचसाठी त्यांना संसारात पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. कदाचित आतला बल्ब नुसता सैल झाला असेल, असं म्हणत त्यांनी खऱ्या डाव्या दिव्यामागे हात घातला. या बाजूला बॅटरी होती आणि जागा मांजराच्या पिल्लालाही अपुरी. हात आत गेला खरा, पण बाहेर येईना. बाईंनी आधी ओढून पाहिलं, मग पिळून. हात बरणीच्या झाकणासारखा घट्ट बसला होता.

आता मात्र डॉक्टर आपल्या विषयात आले. त्यांनी घरातून भांड्यांचा साबण आणला आणि बॅगेतला दात बघायचा छोटा गोल आरसा. आरसा बॅटरीमागे घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कोपरापर्यंत साबण चोळला आणि सवयीने म्हणाले, "हलू नका. अजिबात दुखणार नाही. खोल श्वास घ्या." आपल्या बायकोला आपण अहो-जाहो करतोय, हे त्यांना नंतर कळलं.

हात निघाला. पण एकटा नाही, होल्डर आणि तुटलेली वायर सोबत घेऊन निघाला. वायरचं उघडं टोक पत्र्याला लागलं, कुठेतरी टक् करून फ्यूज उडाला, आणि गाडीचे सगळेच इंडिकेटर गप्प झाले. आधी एकच दिवा गेला होता. आता पुढचे, मागचे, डावे, उजवे, सगळ्यांनी माना टाकल्या.

डॉक्टरांनी पुन्हा परीक्षेचं नाव काढलं. बाईंनी कोपरावरचा साबण पुसला आणि सांगितलं की माणसाला हात असतात, आणि इंडिकेटर निघायच्या आधीही लोक वळत होतेच.

परीक्षेच्या ऑफिसात त्या दिवशी जरा गडबड होती. वरच्या कार्यालयातून कोणी साहेब तपासणीला येणार अशी कुजबुज चालली होती, त्यामुळे परीक्षक आधीच धास्तावलेले. बाईंनी इंडिकेटर बंद असल्याचं स्वतःहून सांगितलं. परीक्षक म्हणाले, हाताने इशारा चालेल, पण एकही चुकला तर नापास. डॉक्टर आवारातल्या बाकावर बसले आणि बाई निघाल्या.

पहिल्या वळणाला बाईंनी हात बाहेर काढला. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने ओळखीचं समजून हात हलवला. दुसऱ्या वळणाला फुटपाथवरच्या एका बाईने 'बरी आहेस ना' असं ओरडून विचारलं. बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वळणाला रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी गाडी थांबवावी लागली. बाईंचा हात बाहेरच होता, साबणाने सुरकुतलेला पण ताठ.

मागचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक वयस्क गृहस्थ आत बसले, फाइल मांडीवर ठेवली, दार लावलं आणि म्हणाले, "चला."

परीक्षकांनी आरशात फाइल पाहिली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. बाईंनाही कुजबुज आठवली. साहेब हेच. त्यांनी मागे न बघता साहेबांना पट्टा लावायला सांगितलं. साहेबांनी निमूटपणे लावला. परीक्षकांच्या चेहऱ्यावर बाईंबद्दल आदर उमटला.

पुढची सगळी परीक्षा आज्ञाधारकपणाची झाली. परीक्षक 'कृपया' म्हटल्याशिवाय डावीकडे सांगेनात. बाईंनी हात काढला की ते मागे वळून म्हणत, बघितलंत ना साहेब, प्रत्येक वळणाला. साहेब हुंकार देत. एकदा त्यांनी जरा काळजीने विचारलं, इथून पुढे कुठे. परीक्षकांनी त्यांना चढ, उतार आणि गाडी मागे घेण्याची जागा, असा परीक्षेचा सगळा मार्ग खुलासेवार सांगितला. साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. परीक्षक घामाघूम झाले.

आवारात येऊन बाईंनी गाडी अशी उभी केली की पट्टीने आखून घ्यावी. "पास," परीक्षक खणखणीत आवाजात म्हणाले, आणि अदबीने मागे वळले. "साहेबांचं काय मत आहे?"

गृहस्थांनी फाइल सावरली. "गाडी छान चालवतात," ते म्हणाले. "पण फार फिरवून आणलंत हो. मला इस्पितळाशी उतरायचं होतं, रिपोर्ट दाखवायचेत. तुमचं दोघांचं काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं, म्हणून मध्ये बोललो नाही."

परीक्षकांनी वरचं बटण काढलं. पण पास हा शब्द अख्ख्या आवाराने ऐकला होता, डॉक्टर तर बाकावरून उठून टाळ्याही वाजवत होते. परीक्षक उतरले आणि ऑफिसात गेले ते बाहेर आलेच नाहीत.

डॉक्टर येऊन बाईंशेजारी बसले. मागे कोण आहेत हे त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं. बाई म्हणाल्या, सांगते, आधी यांना इस्पितळात सोडू. फाटकातून रस्त्याला लागताना त्यांनी मुख्याध्यापिकेच्या थाटात हात बाहेर काढला.

तशी मागून काकुळतीची विनंती आली, "ताई, आता हात करून वाटेत आणखी कोणाला घेऊ नका. आधीच फार उशीर झालाय."