चन्नाप्पांनंतर कोण?

शेअर कसे घ्यावेत हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि कसे विकावेत हे मला येतच नाही. अभिमानाने सांगते, आजवर मी एकही शेअर विकलेला नाही.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तुरटीचे स्फटिक वाढवायचा एक सोपा प्रयोग आहे. ज्या मुलाला धीर नसतो तो सारखं चंचुपात्र उचलून बघतो, हलवतो, आणि शेवटी त्याच्या हाती पिठासारखा चुरा येतो. जो ते कपाटात ठेवून विसरतो, त्याला बोराएवढा स्वच्छ स्फटिक मिळतो. लहान कंपन्यांच्या शेअरचं असंच आहे. धंदा आपल्याला कळणारा असावा, मालक सरळ असावा, आणि एकदा घेतल्यावर हात लावू नये. आमच्या स्टाफरूममधले राजवीर सर तासातासाला भाव बघतात. त्यांचा चेहरा बघून मुलं गृहपाठाची वही पुढे करायची की मागे, ते ठरवतात.

माझ्या बचतीतला निम्म्याहून मोठा वाटा एकाच कंपनीत आहे. शेतीपंपांचे बिडाचे सुटे भाग ओतणारी ही कंपनी इथल्याच औद्योगिक वसाहतीत आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. कर्ज नाही, डामडौल नाही, सगळं चोख. काळजी एकच. मालक चन्नाप्पा सत्तरीच्या पुढचे, आणि लहान कंपनीत मालक म्हणजेच कंपनी. त्यांच्यानंतर कोण? वार्षिक अहवालात त्यांचा मुलगा बसवेश संचालक झाल्याची एक ओळ होती आणि एक फोटो होता. फोटोत तो असा दिसत होता, की कॅमेऱ्याबाहेर कुणीतरी त्याच्या पायावर उभं आहे. एवढ्या पुराव्यावर पुढच्या वीस वर्षांचा निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्यक्ष निरीक्षण हवं.

म्हणून एका शनिवारी मी कारखान्याच्या फाटकासमोर फक्रुद्दीनभाईंच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसले.

"मालकांचा मुलगा कारखान्यात वेळेवर येतो का हो?" मी विचारलं.

"येतो की."

"कामगारांशी कसा वागतो?"

"गरीब हाय वो. आवाजच न्हाय त्याला."

"भावाभावांत काही वाद?"

"वाद घालायला भाऊ पायजे न्हवं? एकटाच हाय."

"व्यसन?"

"सुपारीसुदिक खात न्हाय."

"आणि घरात कुणाचं चालतं?"

"चन्नाप्पांचं," फक्रुद्दीनभाई म्हणाले. मग चहा गाळता गाळता त्यांनी दुरुस्ती केली, "म्हंजे मल्लव्वांचं."

आता त्यांची पाळी होती. "पावणं, आडनाव काय तुमचं?"

"हत्तरकी."

"गडहिंग्लजचं व्हय? ऱ्हायला कुठं?"

"कळंब्याला. तलावाच्या अलीकडे."

"घरात कोण कोण असतंय?"

"आई आणि धाकटी बहीण."

"भैनीचं लगीन?"

"व्हायचंय अजून."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि चहाचे पैसे काही केल्या घेईनात. आपल्याकडे नाव-गाव विचारल्याशिवाय कुणी चहा ओतत नाही, त्यामुळे मला यात वावगं काही दिसलं नाही. निरीक्षण समाधानकारक झालं, असं मनाशी नोंदवून मी घरी आले.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. गाडीतून चन्नाप्पा उतरले. फोटोमुळे मी त्यांना लगेच ओळखलं. मागोमाग हातात केळीची फणी घेतलेली त्यांची बायको मल्लव्वा, आणि शेवटी बसवेश. इस्त्रीचा शर्ट, चेहरा अहवालातलाच.

मला भरून आलं. मोठ्या कंपन्या भागधारकाच्या पत्राला उत्तर देत नाहीत, आणि इथे मालक सहकुटुंब भेटीला आले होते. मी धावत जाऊन खुणा केलेला वार्षिक अहवाल आणला आणि त्यांच्यासमोर बसले.

"तुम्ही आलात हे फार बरं झालं," मी म्हणाले. "मला स्पष्टच विचारायचं आहे. तुमच्यानंतर सगळं कोण बघणार?"

मल्लव्वांनी केळी टेबलावर ठेवली. चन्नाप्पा मात्र खूश झाले. "असं पायजे. आत एक, भाईर एक न्हाय. माझ्यामागं सगळं बसवेशचंच की. दुसरं हाय कोण?"

"त्यांना यात मनापासून रस आहे का?"

"इचारा की त्यालाच. पुढ्यात बसलाय."

बसवेशने केळ्यांकडे बघितलं.

"आणि आता येणाऱ्या वर्षात विस्ताराचं काही ठरवलंय?" मी पुढे विचारलं.

मल्लव्वांच्या भुवया वर गेल्या. "अगं बाई, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आधी पोरगी तर दावा."

त्याच क्षणी सुष्मिता, माझी बहीण, उप्पिटाच्या बशा घेऊन बाहेर आली. ती साडी नेसली होती. सुष्मिता फिजिओथेरपिस्ट आहे आणि रविवारी बारापर्यंत केसही विंचरत नाही. तिच्यामागे आमची अव्वा, म्हणजे आई, नवं पातळ नेसून उभी होती. मग सगळं माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे मुलगी द्यायच्या आधी पोरीकडचं एखादं शहाणं माणूस मुलाच्या दुकानासमोर जाऊन बसतं आणि तो वेळेवर येतो का, भावांत वाद आहेत का, व्यसन आहे का, घरात कुणाचं चालतं, हेच विचारतं. अगदी याच क्रमाने. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने बहिणीचं स्थळ काढून आले होते.

अव्वाला मी स्वयंपाकघरात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"शुक्रवारी मल्लव्वांचा फोन आलता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू वीस वर्षं थांब म्हणाली असतीस," अव्वा म्हणाली आणि चहात आलं किसलं.

रीतीप्रमाणे सुष्मिता आणि बसवेशला गच्चीवर तलाव बघायला पाठवलं. तलाव एवढा वेळ बघण्यासारखा नाही. ते खाली आले तेव्हा बसवेश चक्क हसत होता. पाहुणे गेल्यावर सुष्मिता माझ्याशेजारी येऊन बसली.

"चांगला आहे गं, अक्का. पण एक आहे. त्याला कारखाना नकोय. राजीनामा देऊन चंदगडला काजूवर प्रक्रिया करायचं युनिट टाकायचंय त्याला. जागासुद्धा बघून ठेवलीय. आप्पांना अजून माहीत नाही, कुणाला सांगू नका म्हणालाय."

मी ज्या उत्तरासाठी फाटकासमोर बसले होते, ते घरी चालत आलं होतं. मी फोन उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी विकायचं बटण कुठे असतं ते शोधलं. बाजार सोमवारी उघडणार होता, पण तयारी तरी करावी. बटण सापडलं आणि मी फोन खाली ठेवला.

"काय झालं?" सुष्मिताने विचारलं.

"मला विकता येत नाही. कंपनीच्या आतल्या माणसाकडून कळलेली, बाहेर न आलेली बातमी आहे ही. तिच्यावर व्यवहार करणं गुन्हा आहे."

"म्हणजे मी सांगितलं नसतं तर?"

"तर उद्या सकाळी सगळे विकले असते तरी चाललं असतं."

"पण तू तर कधीच विकत नाहीस ना?"

"न विकणं वेगळं," मी म्हणाले, "आणि विकता न येणं वेगळं." हा फरक मला त्या दिवशीच कळला होता, पण आवाज मी वर्गातला लावला.

मार्ग एकच होता. बसवेशने वडिलांना सांगायचं, कंपनीने ते बाजाराला कळवायचं, मग मी मोकळी. सुष्मिताने त्याला तसं सांगितलं. म्हणजे शेअरचं नाही, सरळ वागण्याचं. तो तयार झाला, पण अट घातली, की बोलताना अक्कांनी समोर बसायचं. "आप्पा परक्या माणसांसमोर ओरडत नाहीत," असं त्याचं म्हणणं.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. बसवेशने खाली मान घालून सगळं सांगितलं. चन्नाप्पांनी पंख्याकडे बघितलं.

"काजू," ते म्हणाले. "त्यासाठनं इंजिनेर केलता तुला?"

"आप्पा, मला भट्टीची भीती वाटते. लहानपणापासनं."

"मग आधी बोलायचं न्हाय? मला तरी कुठं गोड लागती ती? रस ओतताना अजूनबी पाय कापत्यात माझं. म्हटलं पोरासाठी चालवायची."

"आणि मी तुमच्यासाठी येत होतो," बसवेश म्हणाला.

मल्लव्वा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "दोघंबी येडी हायती," त्या शांतपणे म्हणाल्या आणि आत जाऊन ताक घेऊन आल्या.

मला हायसं वाटलं. आता बातमी बाहेर जाणार आणि मी सुटणार. मी ताकाचा पेला तोंडाला लावला, तेव्हा चन्नाप्पा माझ्याकडे वळले.

"शांभवीबाई, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या न्हवं?"

"हो."

"बिडात कार्बन किती, सिलिकॉन किती, ते तुम्हास्नी कळतंय?"

"कळतं, पण—"

"आमच्या बोर्डावर एक बाई लागतीच, कायदा हाय. आता मल्लव्वा हाय. ती मीटिंगला शेंगा सोलती."

"मला सोडवा बाई यातनं," मल्लव्वा म्हणाल्या. "सह्या करून करून बोटं दुखत्यात."

"माझ्यामागं कोण, असं तोंडावर इचारणारं आजवर कुणी भेटलं न्हवतं," चन्नाप्पा म्हणाले. "तुम्हीच बघा आता. न्हाय म्हणू नगासा. आता पावणं झालोय."

मी सुष्मिताकडे बघितलं. ती बसवेशकडे बघत होती. नाही म्हणण्यासाठी जी एक जागा होती, ती तिथेच संपली.

संचालकाला शेअर विकायचे तर आधी परवानगी काढावी लागते आणि वर्षातले कितीतरी महिने व्यवहाराला बंदी असते. तेव्हा माझी गुंतवणूक आता खरोखर दीर्घ मुदतीची आहे. शनिवार-रविवार मी भट्टीपासून सुरक्षित अंतरावर उभी राहून नमुने तपासते.

बसवेशच्या राजीनाम्याची बातमी बाजारात गेली, तेव्हा आमचा शेअर चार टक्क्यांनी पडला. पुढच्या आठवड्यात माझ्या नेमणुकीची बातमी गेली. त्या दिवशी सहा टक्क्यांनी पडला.