पडवी राखिल्याची हकीकत

श्रीगणेशास व ग्रामदेवतेस वंदून, आम्ही आनंदीबाई, मुक्काम भाट्ये, चौथी इयत्ता शिकून पुढे उभा जन्म चुलीवर हुकमत चालविली, शके एकोणीसशे सत्तेचाळीस वैशाखमासी जाहली मोहीम लिहून ठेवितो. ज्यांस खोटी वाटेल त्यांनी येऊन पडवी पाहावी.

आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळाभराचे सरपण, आमसुले, सुकट, लोणच्याच्या बरण्या, ऐसा समस्त खजिना पडवीत दाखल जाहला, आणि तोच नातसून वेदिका, पाण्याच्या शास्त्रात पदवीधर, मुंबईहून आली, आणि तिने परसाचा चढउतार मोजून लॅपटॉपात आमची जागा हुबेहूब उभी केली, मग तीवर दोन तास नकली पाऊस पाडिला. निळे पाणी कातळावरून उतरले, खालच्या चिऱ्यांच्या गडग्यास, म्हणजे कुंपणाच्या भिंतीस, अडले, मागे फुगले, आणि थेट पडवीत घुसोन खजिना बुडविते जाहले. वेदिकेने अर्ज गुजारिला की बेगमी माळ्यावर चढवावी.

आमचे फर्मान सुटले की बावन्न पावसाळे या पडवीत टिपूस नाही, गडग्याला पाणी जाण्यास मोरी आहे, ती ज्या डब्यास ठाऊक नाही त्याने आम्हांस पाऊस शिकवू नये.

"मोरी मला कुठे दिसलीच नाही हो, आजी."

"डोळे नीट उघड गो, आणि चल."

मग काठी, चष्मा, ऐसा सरंजाम घेऊन, नातसुनेस पिछाडीस ठेवून, गडग्यावर चाल केली. पाहतो तो मोरीत चिरा ठोकलेला. कोणा हरामखोराचे हे काम, ऐसा सवाल आम्ही खड्या आवाजात केला.

गडग्यापलीकडून शेजारीण गंगुबाई म्हणाली, "आनंदीवैनी, शिमग्यात तुम्हीच नाय का बसवलात? माझ्या कोंबड्या शिरतात म्हणून?"

हे आमच्या स्मरणात होते. बोलण्याचे प्रयोजन नव्हते.

मग पहारीने चिरा उखडिला, आणि वेदिकेने लॅपटॉपातही मोरी उघडून पुन्हा पाऊस पाडिला, आणि निळे पाणी मुकाट मोरीतून निघोन खाडीस रुजू जाहले. गंगुबाईशी तह ठरला की मोरी मोकळी राहील, कोंबड्यांस रस्ता माफ.

आषाढात तीन दिवस झड लागली, खजिना कोरडा राहिला. चौथे रोजी सरपणात गंगुबाईच्या कोंबडीचे अंडे सापडले, ते खंडणी म्हणून जमा केले आणि वेदिकेस त्याची पोळी करून घातली.

येणेप्रमाणे फत्ते आमची. मोरी कोणी बुजविली हे कलम गाळावयाचे होते, परंतु वेदिका खांद्यावरून वाचीत आहे, सबब लिहिले.