धनराजभाऊंचा तलवारवाला गेम

धनराजभाऊंच्या दुकानात झेरॉक्स हवी असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. कम्प्युटरकडे बोट दाखवून ते विचारत, "गेम कसा वाटला?" कुणी 'बोअर' म्हणालं की त्यांची मशीन लगेच गरम व्हायची. "अर्ध्या घंट्यानं या." सातबारा घेऊन आलेला माणूस मग निमूटपणे 'लय भारी' म्हणून सुटका करून घ्यायचा.

ही गोष्ट नागपूरकडच्या गोरेगावच्या बाजाररस्त्यावरची, दोन हजार सहा-सातची. गेम त्याहून जुना, नागपूरहून आणलेल्या सीडीतला. एक तलवारवाला गावोगाव फिरतो, लोकांची कामं करतो, वाटेत राक्षस भेटला की लढतो. भाऊंनी तो सात वेळा संपवला होता. शेजारीच माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माझ्या मते इतका रटाळ गेम जगात दुसरा नव्हता. रोज चहाच्या वेळी आमची जुंपायची, आणि खोटं कशाला सांगू, मलाही चेव यायचा.

"भाऊ, हा एक वार करते अन् उभा राह्यते. मंग राक्षस वार करते अन् उभा राह्यते. हे काय लढाई झाली?"

"मंग? धान विकाले गेला त नंबर लावत नाई का तू? राक्षसालेबी शिस्त हाय, तुलेच नाई."

"अन् कोनाच्याबी घरात घुसून कपाटं उघडते, त्याचं काय?"

"पावना हाय तो. पावन्याले कोनी इचारते का?"

भाऊंच्या स्वतःच्या कपाटाला मात्र दोन कुलपं होती.

एकदा बाजाराच्या दिवशी खेड्यावरची एक आजी रेशनकार्ड घेऊन आली. त्या दिवशी मशीन खरोखरच गरम झाली होती, म्हणून आजी स्टुलावर बसून गेम पाहत राहिली. नवं मत मिळणार म्हणून भाऊ खुशीत. शेवटी आजी म्हणाली, "सगळ्यायचे कामं करून राह्यला बिचारा. पन हा घरी कवा जाते? याची वाट पाहाले कोनी नाई का?"

मान खाली घालून भाऊंनी झेरॉक्स काढून दिली.

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती लेक रायपूरला दिलेली. एवढी वर्षं शेजारी बसून मी फक्त वाद घातला, याची मला लाज वाटली. त्यांना बरं वाटावं म्हणून आजी गेल्यावर मी उठलो आणि म्हणालो, "जाऊ द्या भाऊ. मी हारलो. तुमचाच गेम भारी."

मला वाटलं, आता पेढे वाटतील. उलट चेहरा आणखीच उतरला.

"असं नोको म्हनू, गड्या," ते हळू आवाजात म्हणाले. "तू हारला त मंग उद्या कायले येशीन?"

मी परत बसलो आणि आवाज चढवला. "पन भाऊ, याचं म्युझिक एकदम भिकार हाय!"

"भिकार?" भाऊ ताडकन उठले. "तुले कान हायेत का भोकं?"

आणि त्यांनी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.